आप्पांना रागवायचं कुणी

कावळे नव्हते असं नाही. बाणगंगेच्या काठावर, समोरच्या गच्चीच्या कठड्यावर, पिंपळाच्या फांदीवर चांगले दहा-पंधरा बसले होते आणि आमच्याकडे टकामका बघत होते. पण पिंडाजवळ यायला एकही तयार नव्हता.

जयवंत नाबरांचा दहावा होता. ‘वाढा हो वाढा’ ही मालिका तुमच्यापैकी ज्यांनी पाहिली असेल त्यांना नाबर कोण हे सांगायला नको. त्यातले खादाड, भोळे, गोड आप्पा म्हणजे नाबर. आणि आठ-नऊ वर्षं त्यांच्या ताटात ‘अहो, अजून एक घ्या ना’ म्हणत पोळी वाढणारी माई म्हणजे मी, मंदाकिनी रेगे. नाबर एका सकाळी दाढी करता करता गेले, आणि पडद्यावरची मी आणि त्यांच्या घरातल्या कुमुदवहिनी अशा दोघी एकाच दिवशी विधवा झालो. हे मी गमतीनं म्हणत नाही. माझ्या दाराशी बायका सांत्वनाला येत होत्या.

पिंडाशेजारी बटाटेवडा ठेवला होता, श्रीखंड ठेवलं होतं, वहिनींनी केलेलं खतखतं ठेवलं होतं. कावळा हलेना. गुरुजी म्हणाले, “कुणी काही शब्द द्यायचा असेल तर द्या. जीव कशात तरी अडकलाय.”

मुलगा पुढे झाला. “बाबा, मी आईला अंतर देणार नाही.” कावळे ढिम्म. नाबरांच्या बहिणीनं देवळाचा जीर्णोद्धार कबूल केला. एका कावळ्यानं मान वाकडी केली आणि पाठ फिरवली. मग आमचे निर्माते चौबळ घसा खाकरत पुढे आले. चौबळ म्हणजे देवालाही करारावर सही करायला लावतील असा माणूस. “नाबर,” ते हात जोडून मोठ्यानं म्हणाले, “मालिका बंद पडू देणार नाही. हा चौबळचा शब्द आहे.”

नेमकी तेव्हाच एक म्हातारी गर्दीतून वाट काढत आली. कुणाच्या ओळखीची नव्हती, टीव्हीवर बघणारी होती बिचारी. शेजारी उभ्या असलेल्या कुमुदवहिनींना तिनं चक्क कोपरानं बाजूला सारलं आणि माझ्या गळ्यात पडली. “माई गं, कसं व्हायचं गं तुझं! आता तू कुणाला वाढणार?”

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तिला दूर करावं तर रडतेय, न करावं तर वहिनी बघताहेत. वहिनी मात्र माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्या पिंडाकडे बघत होत्या, आणि दातांवर दात धरून, अगदी हळू, पण मला स्पष्ट ऐकू येईल अशा आवाजात म्हणाल्या, “राहा मग उपाशी. बाहेर पोटभर जेवून यायचं आणि घरी येऊन नखरे करायचे!”

आणि कावळा आला. एकच. टुणटुण उड्या मारत आला आणि त्यानं चोच घातली.

“चौबळसाहेब, तुमच्या शब्दावर आला!” कुणीतरी ओरडलं. चौबळांनी डोळे पुसले. कावळा बसायला आणि फांदी तुटायला, दुसरं काय. पण मला माहीत होतं की तो चौबळांच्या शब्दावर आला नव्हता. ‘बाहेर’ म्हणजे कुठे, हेही मला कळलं होतं. बाहेर म्हणजे माझ्या ताटात.

आता हे खरं की आमच्या मालिकेत जेवणाचा प्रसंग नाही असा भागच नसायचा. कॅमेऱ्यापुढचं जेवण खोटं नसतं. एक प्रसंग चार बाजूंनी घ्यायचा म्हणजे चार वेळा पोळी, चार वेळा आमटी. बाकीचे घास तोंडात घोळवून ‘कट’ म्हटलं की टाकून द्यायचे. नाबर टाकत नसत. अन्न आहे, म्हणायचे, आणि खात. संध्याकाळी ते तुडुंब पोटानं घरी जात असणार आणि तिकडे कुणीतरी पानं मांडून बसलेलं असणार, हे एवढ्या वर्षांत माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं. त्या दिवसापासून मात्र दुसरं काही येईना. आमच्यात काही होतं का? छे! साधं एकेरीवरही आलो नाही कधी. पण एखाद्या बाईच्या ताटातलं माणूस आपण उचललं असं वाटायला लफडंच करावं लागतं असं नाही.

पुढच्या आठवड्यात चौबळांच्या ऑफिसात बैठक झाली. चॅनेलचं म्हणणं सरळ होतं. एक भाग करून दाखवा, लोकांनी बघितला तर पुढे चालू, नाही तर गाशा गुंडाळा. चाळीसेक माणसं त्या मालिकेवर जगत होती. त्यांत मीही आलेच. पन्नाशीच्या नटीला दुसरी मालिका लगेच मिळते असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा पन्नाशीची नटी होऊन बघावं.

“आप्पा काशीला गेले असं करू,” कुणीतरी म्हणालं.

“किती दिवस काशीला ठेवणार?”

“दुसरा नट घेऊ. अपघात झाला, चेहरा बदलला.”

“त्या नवीन माणसाला मी ‘अहो’ म्हणणार नाही,” मी म्हटलं.

मग टिपणीस बोलले. टिपणीस आमचे दिग्दर्शक, संवादही तेच लिहीत. माणूस हुशार, पण नाबर गेल्यापासून त्यांना एक ओळ विनोदी सुचली नव्हती. “आप्पा गेले. जसे खरे गेले तसेच गेले. आपण दहावा दाखवायचा. घाट, पिंड, सगळं कुटुंब उभं आहे आणि कावळा शिवत नाही. शेवटी माई काहीतरी बोलते आणि कावळा येतो.” ते माझ्याकडे वळले. “त्या दिवशी वहिनी काहीतरी पुटपुटल्या. तुम्ही शेजारी होता. काय म्हणाल्या हो?”

“मला ऐकू आलं नाही,” मी म्हटलं.

“असं कसं? इतक्या जवळ—”

“टिपणीस, म्हातारी माझ्या कानात रडत होती. नाही आलं ऐकू.”

“तेच विचारू की त्यांना,” चौबळ खुशीत म्हणाले. “त्यांची परवानगी घ्यायला मी कालच जाऊन आलो. त्या हो म्हणाल्यात. म्हणाल्या, शूटिंगच्या दिवशी मी येऊन बसणार.”

नऊ वर्षांत कुमुदवहिनी एकदाही सेटवर आल्या नव्हत्या. आता कशाला? माझ्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहिलं. सगळं युनिट जमलंय, मी ‘अहो, ऐकलंत का’ म्हणून रडतेय, आणि त्या उठून म्हणताहेत, हिच्यामुळे माझा नवरा घरी जेवला नाही. वर्तमानपत्रवाल्यांना तेवढं पुरे झालं असतं. मालिकाही गेली असती आणि माझं उभ्या जन्माचं नावही.

स्टुडिओच्या मागे एक तळं होतं. त्याच्या काठावर प्लायवूडच्या पायऱ्या लावून घाट उभा केला. कावळाही आणला. एका माणसानं पिल्लू असल्यापासून वाढवलेला होता तो, शिट्टी वाजवली की येत असे म्हणे. त्याचं नाव राजा. एरवी या गोष्टीवर युनिटनं आठवडाभर हसून घेतलं असतं. त्या दिवशी कुणी हसलं नाही. लाइटवाले खालच्या आवाजात बोलत होते. धाकट्या सुनेचं काम करणारी पोरगी कोपऱ्यात नुसती नखं खात उभी होती.

वहिनी आल्या त्या रिक्षानं. फिकट निळी सुती साडी, हातात एक पिशवी. चौबळ धावले, खुर्ची आणवली, चहा मागवला. वहिनी मॉनिटरशेजारी बसल्या, पिशवी मांडीवर घेतली आणि थेट माझ्याकडे बघायला लागल्या. मी नमस्कार केला. त्यांनी मान हलवली. बस्स, तेवढंच.

“माई तयार?” टिपणीसांनी विचारलं. “ॲक्शन!”

मी पिंडापुढे हात जोडले आणि टिपणीसांनी लिहिलेलं म्हणायला सुरुवात केली. “अहो, काळजी करू नका. हे घर मी एकत्र ठेवीन. तुम्ही लावलेल्या या रोपाला...”

शिट्टी वाजली. राजा आला, पिंडाला वळसा घालून गेला आणि प्लायवूडवर घाण करून परत मालकाच्या खांद्यावर बसला.

“पुन्हा!”

पुन्हा तेच. “हे घर मी एकत्र ठेवीन...” राजा उडालाच नाही. तिसऱ्यांदा उडाला तो लाइटच्या खांबावर बसला आणि खाली यायला तयार होईना. कावळेवाला शिट्ट्या वाजवून दमला. पण खरं सांगायचं तर दोष कावळ्याचा नव्हताच. माझ्या तोंडून शब्द पिठासारखे कोरडे पडत होते. मला दिसत होती फक्त ती निळी साडी. पुढच्या वेळी मी मधेच अडखळले. त्याच्या पुढच्या वेळी ‘रोपाला’च्या जागी ‘पोराला’ म्हणाले. चॅनेलकडून आलेला तरुण मनगटावरच्या घड्याळाकडे बघून चौबळांच्या कानाशी काहीतरी बोलला आणि चौबळांचा चेहरा उतरला.

“मंदाताई,” टिपणीस जवळ येऊन म्हणाले, “काय झालंय तुम्हाला? आज हे झालं नाही तर...” पुढचं त्यांनी सांगायची गरज नव्हती.

तेवढ्यात वहिनी उठल्या. पिशवी खुर्चीवर ठेवली आणि सगळ्यांच्या देखत सरळ चालत माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. मी मनात म्हटलं, आलं. जे व्हायचं ते आता होऊन जाऊ दे.

“मंदाताई, जरा इकडे या,” त्या म्हणाल्या.

आम्ही मेकअपच्या गाडीच्या आडोशाला गेलो. मला दम निघेना. त्यांनी तोंड उघडायच्या आत मीच बोलून टाकलं. “वहिनी, त्या दिवशी तुम्ही जे बोललात ते मी कुणालाही सांगितलेलं नाही. देवाशपथ. आणि तुमचं खरं आहे. ते इथं जेवायचे, मी वाढायची, पण माझ्या मनात कधी...”

“कुठल्या दिवशी?” त्या गोंधळून म्हणाल्या. “काय बोलले मी?”

“दहाव्याला. कावळा शिवायच्या आधी. राहा मग उपाशी म्हणालात. बाहेर जेवून यायचं आणि...”

वहिनी माझ्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांचा हात तोंडावर गेला. “अगंबाई! ते होय? अहो, ते तर मी रोज म्हणायची!”

“रोज?”

“लग्न झाल्यापासून. तेव्हा तुमची मालिकाही नव्हती. हे कधी हाकेला पानावर आलेत असं झालंय का? जेवायला चला म्हटलं की भूक नाही. गोड बोला, आर्जव करा, पेपरातून डोकं वर यायचं नाही. मग मी चिडून म्हणायची, राहा मग उपाशी, बाहेर पोटभर जेवून यायचं आणि घरी येऊन नखरे करायचे. की लगेच पेपर बाजूला, पाट ओढला, आणि ‘वाढ’! पोट भरलेलं असलं तरी माझ्यासमोर बसून दोन घास खायचेच. शिव्या खाल्ल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागायचं नाही. त्या दिवशी सगळे आपले हात जोडून गोड गोड बोलत होते. मला म्हणायचं काही नव्हतं हो. तोंडातून सवयीनं आलं.”

मला काय वाटलं ते कसं सांगू? इतके दिवस छातीवर धोंडा घेऊन फिरत होते, आणि तो धोंडा माझा नव्हताच. सुटल्यासारखं वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, थोडं हिरमुसल्यासारखंही वाटलं. त्या बाईच्या दुःखात मी कुठेच नव्हते.

“म्हणून तुम्हाला बोलावलं,” वहिनी म्हणाल्या. “तुम्ही जे तिथं म्हणताय ना, घर एकत्र ठेवीन, रोप, अमुक तमुक, त्यानं हे यायचे नाहीत. त्यांना रागवायला लागतं.”

“मंदाताई!” गाडीच्या पलीकडून टिपणीस पुढे आले. किती वेळ उभे होते कुणास ठाऊक. त्यांचा चेहरा कित्येक दिवसांत पहिल्यांदा उजळला होता. “हेच! हेच वाक्य! जसंच्या तसं. राहा मग उपाशी! वहिनी, हे आम्ही घेतलं तर चालेल ना?”

वहिनी “घ्या की,” म्हणाल्या. पाहुण्यानं फारच तारीफ केली म्हणून कपाटातली वस्तू काढून द्यावी, तसं म्हणाल्या. आणि खाली बघून साडीचा पदर उगाच नीट करायला लागल्या.

टिपणीसांना ते दिसलं नाही. पुरुषाला दिसत नाही. मला दिसलं.

“नाही,” मी म्हटलं.

“काय नाही?”

“ते वाक्य मी म्हणणार नाही.”

“मंदाताई, वेड लागलंय का? तो माणूस तिकडे फोन काढून उभा आहे. चॅनेलला नाही म्हणून कळवलं की संपलं सगळं. तुमच्याकडे दुसरं काय आहे म्हणायला?”

“माझं माझ्याकडे आहे. तुम्ही कॅमेरा चालू करा. आणि मधे कट म्हणालात तर बघा.”

मी जाऊन पिंडापुढे उभी राहिले. हात जोडले नाहीत. पदर कमरेला खोचला. नऊ वर्षांत माईनं आप्पांपुढे आवाज चढवला नव्हता, तिचा स्वभावच तसा लिहिलेला होता. पण मी काही माई नव्हे. माझ्या माहेरी मला तिखटाचा डबा म्हणत.

“ॲक्शन,” टिपणीस म्हणाले, ते जरा घाबरूनच.

“बसा,” मी पिंडाला म्हटलं. “बसा तिकडे तोंड फिरवून. मी तुमच्या हातापाया पडेन असं वाटत असेल तर विसरा. इतकी वर्षं मी तोंडातून ब्र काढला नाही, त्याचा फायदा घेतलात. मी काही चांगलं बोलायला गेले की तुम्हाला नेमका ठसका लागायचा. नेमका! सगळे तुमच्या ठसक्याला हसायचे आणि माझं बोलणं जायचं वाऱ्यावर. मला काय कळत नव्हतं? ठसका लागलेलं माणूस डोळा मारत नाही!”

कॅमेऱ्यामागे कुणीतरी फिस्सकन हसलं. सगळ्या युनिटला नाबरांचा तो ठसका ठाऊक होता.

“आणि माझ्या ताटातला पापड! स्वतःच्या ताटात दोन असताना माझाच कसा मोडावासा वाटायचा? मी उठले की माझ्या खुर्चीत झोपायचं. घोरायचं. वर उठवलं तर म्हणायचं, मी डोळे मिटून विचार करत होतो. एवढा विचार करून काय केलंत ते दाखवा मला एकदा!” आता लाइटवाले हसत होते. माझा आवाज मात्र माझ्या ताब्यात राहिला नव्हता. “माझी आई आजारी होती तेव्हा माझी सगळी कामं आधी उरकून दिलीत आणि मला तिच्याकडे पाठवलंत. कुणाला सांगितलं नाहीत. आणि पुढे महिनाभर कुरकुर केलीत की हिच्यामुळे मला उशीर झाला. आभार मानायची सोय ठेवलीत का? कधीच नाही. आणि आता हे! मी विचारतेय आमटी वाढू का, आणि उत्तर न देता उठून जायचं? ही कुठली रीत झाली? हो म्हणा, नाही म्हणा. पळी हातात धरून मी किती दिवस उभी राहू?”

तो प्रसंग खरंच अर्धा राहिला होता. आमटी वाढू का, हे माझं वाक्य चित्रित झालं होतं आणि नाबरांचं उत्तर दुसऱ्या दिवशी घ्यायचं होतं. हे आठवलं, आणि माझ्यानं पुढे बोलवेना. मी तिथेच खाली बसले.

राजानं पिंडाला चोच लावली की नाही हे मी बघितलंच नाही. लावली नव्हती, असं मागाहून कळलं, तो तुकडा त्यांनी दुसऱ्या दिवशी घेतला. पण टिपणीस ‘कट’ म्हणाले तेव्हा सगळं युनिट डोळे पुसत हसत होतं, आणि चॅनेलचा तरुण फोन खिशात घालत होता. तो भाग लोकांनी डोक्यावर घेतला. आप्पांच्या जागी कुणी आलं नाही. मालिका पुढे तीन वर्षं चालली, आणि दर भागात एकदा तरी माई आप्पांच्या फोटोसमोर उभी राहून त्यांना फैलावर घेत असे. लोक त्यासाठी टीव्ही लावत. वहिनींचं वाक्य मात्र त्यात कधी आलं नाही. टिपणीसांनी दोनदा लिहिलं, मी दोनदा खोडलं.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी मी प्लायवूडच्या पायरीवर बसले होते आणि वहिनी येऊन शेजारी टेकल्या. त्यांचा चेहरा कसातरीच झाला होता. मला वाटलं, जास्त बोलून गेले. कितीही झालं तरी त्यांचा नवरा.

“वहिनी, चुकलं असेल तर...”

“ठसका लावायचे?” त्यांनी विचारलं. “मुद्दाम?”

“मुद्दाम.”

“आणि पापड?”

“रोज.”

“मी नऊ वर्षं टीव्हीपुढे बसून बघायची तुम्हाला,” वहिनी म्हणाल्या. “तुम्ही म्हणायचात, अहो, अजून एक घ्या ना. आणि हे कसे हसून ताट पुढे करायचे. मला वाटायचं, सगळा शहाणपणा तिकडे. तिकडे एका हाकेला जेवतात, गोड बोलतात, आणि माझ्या वाटणीला तेवढं उरलेलं माणूस येतं. कुणाला सांगणार हे? लोक म्हणायचे, भाग्यवान आहात हो, काय गोड नवरा आहे. मीही हो म्हणायची.” त्यांचा आवाज फुटला. दहाव्याला, तेराव्याला ज्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं त्या बाई माझा दंड घट्ट धरून रडायला लागल्या, आणि रडता रडता हसायलाही लागल्या. “म्हणजे तुम्हालाही छळायचे तर!”

“छळायचे,” मी म्हटलं. “भयंकर छळायचे.”

टिपणीस पुढच्या शॉटसाठी हाका मारत होते. चौबळ लांबून हात हलवत होते. वहिनींनी पदरानं तोंड पुसलं, माझा दंड काही सोडला नाही, आणि माझ्याजवळ आणखी सरकून बसल्या.

“अजून सांगा,” त्या म्हणाल्या.